तिरप्या पट्ट्या बसण्याआधी

प्लायवुडचा शेवटचा तक्ता मध्येच अडकला, म्हणून उल्हासने तो जरा मागे ओढला. तक्त्याबरोबर सगळा सांगाडाच त्याच्या दिशेने झुकत आला.

मोठा आवाज झाला नाही. लाकूड करकरलं, एवढंच. पण खालून मंजुनाथ "अय्यो!" म्हणून ओरडला. हातातला तक्ता तसाच सोडून उल्हासने सांगाड्याच्या टोकाला खांदा लावला.

बनशंकरी वसाहतीतल्या उल्हासच्या घरात, तळमजल्यावर मोटार ठेवायच्या जागेत, ते दोघं रेल्वेची छोटी प्रतिकृती मांडत होते. कॅसलरॉकचा घाट, बोगदे, पूल, सगळं. त्याआधी रूळ ज्यावर बसवायचे ते लांबलचक लाकडी टेबल उभं करायला हवं होतं. मंजुनाथ मूळचा निपाणीचा, बँकेत नोकरीला, दोन गल्ल्यांपलीकडे राहणारा. उल्हास त्याच्यापेक्षा बराच मोठा, म्हणून तो त्याला अण्णा म्हणायचा. सुट्टीचा प्रत्येक दिवस दोघांचा या लाकडांतच जायचा.

टेबलाचे पाय एकेका बोल्टवर उभे होते. ते हलू नयेत म्हणून पायापायांमध्ये तिरप्या पट्ट्या स्क्रूने बसवायच्या होत्या. त्यासाठीच मंजुनाथ खाली उताणा शिरला होता. फरशीला ओल होती, म्हणून उल्हास तक्ते उचलून सांगाड्यावर रचायला लागला. "अण्णा, पहिला पट्ट्या बसू देत की," मंजुनाथ म्हणाला होता. "काही होत नाही रे," असं उल्हास म्हणाला होता.

आता सगळ्या तक्त्यांचं ओझं त्याच्या खांद्यावर रेलत होतं.

"मंजुनाथ! बाहेर ये, लवकर!"

"हात अडकलाय." मंजुनाथचा आवाज चिरका झाला होता. "पट्टीत आणि टेबलाच्या पायात. कात्रीसारखं धरलंय बघा."

उल्हासला मान वळवता येत नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला फक्त मंजुनाथच्या चपला दिसत होत्या. टाचा फरशीवर घासत होत्या.

"शुभदा!" त्याने बायकोला हाक मारली. वर मिक्सर चालू होता. त्याने पुन्हा हाक मारली, पण जोर लावला की खांदा ढिला पडायचा आणि सांगाडा केसभर खाली यायचा. तेव्हा मंजुनाथ कण्हायचा. उल्हासने हाका मारणं थांबवलं.

घाम डोळ्यांत उतरला. पायाखालची ओली फरशी त्याला तळव्यांना जाणवत होती. पाय घसरला तर? मंजुनाथची छाती सांगाड्याच्या आडव्या लाकडाच्या बरोबर खाली होती. त्याची बायको रंजिता घरी जेवायला थांबली असेल, हा विचार मनात आला आणि उल्हासने खांदा आणखी रेटून लावला.

"अण्णा, ऐका," खालून आवाज आला. "ड्रिल माझ्या डाव्या हाताशी आहे. पट्टीचा वरचा स्क्रू काढतो. मग हात सुटंल."

"काढ ना मग!"

"पण आत्ता ही पट्टीच थोडं धरून आहे. ती सुटली की सगळं तुमच्यावर. झेपंल?"

उल्हासला हो म्हणायचं होतं.

"माहीत नाही रे," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही."

खाली मंजुनाथचा हात फरशीवर ड्रिल चाचपत गेला.

"सरी, बरं," मंजुनाथ म्हणाला. "काढतो मग."

ड्रिल घरघरलं. डाव्या हाताने मंजुनाथला नेम साधत नव्हता. टोक स्क्रूवरून निसटायचं आणि लाकूड खरवडायचं. मग आवाज बदलला, जड झाला. स्क्रू फिरायला लागला होता. पट्टी सुटली तसा सांगाडा एकदम उल्हासच्या अंगावर आला. खांद्यात कळ गेली. त्याने दात आवळले, गुडघा टेबलाच्या टोकाच्या पायाला टेकवला आणि डोळे मिटून घेतले. चपला घासत गेल्याचं त्याला ऐकू आलं.

"मंजुनाथ?"

"आलो बाहेर! सोडा आता! बाजूला व्हा!"

त्याला सोडता येईना. मंजुनाथ बाहेर आहे हे त्याला कळत होतं, पण अंग ऐकत नव्हतं. सोडलं की खाली कुणीतरी चिरडणार, एवढंच अंगाला ठाऊक होतं.

"अण्णा!" मंजुनाथने डाव्या हाताने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि त्याला हिसका मारून खेचलं. दोघंही भिंतीवर आदळले. टेबलाचे पाय एकापाठोपाठ एक आडवे झाले आणि सगळे तक्ते उल्हास उभा होता त्या जागेवर कोसळले. कानठळ्या बसल्या.

वरचा मिक्सर थांबला. शुभदा जिना उतरून आली. तिने कोसळलेलं लाकूड पाहिलं, मंजुनाथचा वाकडा झालेला हात पाहिला, आणि काही न विचारता रस्त्यावर रिक्षा थांबवायला धावली.

मंजुनाथच्या हाताचं हाड मोडलं होतं. रंजिता दवाखान्यात आली तेव्हा उल्हासने तिला स्वतःच सगळं सांगितलं. मंजुनाथने पट्ट्या आधी बसू द्या म्हटलं होतं, हेही. ती सरळ मंजुनाथच्या उशाशी जाऊन बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानंतर उल्हास खाली लाकडांपाशी गेला नाही. वर कुणी खुर्ची सरकवली तरी दचकायचा. शुभदा म्हणाली, "ते लाकूड देऊन टाकू या का?" तेव्हा तो उठून बाल्कनीत गेला.

प्लास्टर निघायच्या आधीच एका सकाळी मंजुनाथ दारात उभा राहिला.

"चला खाली," तो म्हणाला.

"रंजिता काय म्हणेल?"

"तिनंच धाडलंय. घरात मी तिचं डोकं खातोय म्हणं."

सांगाडा त्यांनी पुन्हा जोडायला घेतला. दोन पाय उभे केले की लगेच उल्हास त्यांच्यामध्ये तिरपी पट्टी बसवायचा, मग पुढचे पाय. वर एक फळीसुद्धा ठेवली नाही. तरी शेवटच्या पट्टीसाठी कुणाला तरी खाली शिरावंच लागणार होतं.

मंजुनाथ वाकायला लागला, तसा उल्हास म्हणाला, "थांब. मी जातो."

तो उताणा होऊन आत सरकला. डोक्यावरचं लाकूड फार जवळ दिसत होतं. स्क्रू दोनदा बोटांतून निसटला.

"मंजुनाथ, तिथेच आहेस ना?"

"हाय की."

"बोलत राहा."

मंजुनाथ बोलायला लागला, लहानपणी कॅसलरॉकच्या घाटातून गाडीने गेल्याबद्दल. उल्हासने स्क्रू लाकडावर टेकवला आणि ड्रिलचं बटण दाबलं.