पपांच्या कानापाशी

पॅरिसहून निघालेल्या गाडीत मस्यू बार्तेलने जोस्लीनला ती बातमी सांगितली, तीही सफरचंद सोलता सोलता. हा निर्मात्याचा उजवा हात. नको त्या गोष्टी गोड तोंडाने सांगायच्या, एवढ्यासाठीच त्याला ठेवला असावा.

"तुझा आवाज बदललाय गं. म्हणजे, दुसऱ्या एका मुलीकडून बोलून घेतलं."

जोस्लीनला आधी उमगेचना. चित्रीकरणात कॅमेरा एवढा घरघरायचा की संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा म्हणायचे असत, हे तिला ठाऊक होतं. त्याच बोलावण्याची तर ती वाट बघत होती. अंघोळ करतानासुद्धा संवाद घोकायची.

"डॉक्टरची मुलगी दाखवलीय तुला," बार्तेल म्हणाला, "आणि तू तोंड उघडलंस की तुमच्या खाणीच्या बोलीतला कोळसा सांडतो. मनावर घेऊ नकोस. पुढच्या दोन्ही चित्रपटांतही तीच बोलेल, तुझी कटकट गेली. आज स्टेजवर मात्र नुसतं हसायचं. बोललीस तर सगळंच उघडं पडेल."

त्या चित्रपटांच्या करारावर सही तर केव्हाच झाली होती. गावच्या बेकरीत पाव विकताना एका दिग्दर्शकाच्या नजरेत ती भरली, तेव्हा लोक म्हणाले, पोरीने नशीब काढलं. पहिल्या चित्रपटात तिने एक दार उघडलं. दुसऱ्यात ती नदीत बुडाली. हा तिसरा, आणि यात ती नायिका. आज तिच्याच गावात, खाणकामगारांच्या त्या थिएटरात, त्याचा खेळ होता. सगळा गाव तिला बघायला येणार होता. तिचे वडील मात्र ऐकायला येणार होते. खाणीतल्या स्फोटात त्यांचे डोळे गेले होते.

घरी पोचली तर पपा लग्नातला कोट चढवून बसलेले. शेजारची मादाम वाँदाम जमलेल्या चार जणांना चिकोरीची कॉफी ओतत होती. आई गेल्यापासून या स्वयंपाकघरात तिचंच राज्य.

"आल्या बाईसाहेब! काय वाळलीयस गं! पॅरिसात जेवायला घालत नाहीत वाटतं?"

"पपा, मला जरा तुमच्याशी..."

"आल्यावर बोल," पपा म्हणाले. "सकाळपासून आपल्या कबुतरांचं घुमणं ऐकायलाही फिरकलो नाही. कान ताजे ठेवलेत तुझ्यासाठी. आणि एका अर्थी बरंच आहे. उघडे दंडबिंड दाखवले असशील तर बापाला पत्ताच नाही!"

सगळे खो खो हसले. जोस्लीनही हसली. सांगायची वेळ हीच होती. पण चार माणसांदेखत, ब्रशने घासून घासून चकचकीत केलेल्या त्या जुन्या कोटासमोर, तिची जीभच रेटेना. कुणाची रेटली असती?

थिएटरात महापौरांनी फुलं दिली. ती हसली, वाकली, आणि अवाक्षर न काढता खाली येऊन पपांच्या शेजारी बसली.

"भाव खातेय," मागच्या रांगेतून मादाम वाँदाम कुणाला तरी म्हणाली. पण प्रेमाने.

अंधार झाला. पडद्यावर जोस्लीनचा भला थोरला चेहरा आला आणि बोलू लागला. आवाज मऊ, सुरेख, एकही खडा नसलेला.

"अगंबाई! काय बोलायला शिकलीय पोर! अगदी पॅरिसची!" मादामला भरून आलं.

पपा कान देऊन बसले होते. थोड्या वेळाने तिच्याकडे वाकले. "तू कधी येणार गं?"

"येईन, पपा."

आणखी थोडा वेळ गेला. "ही नाजूक बोलणारी कोण? मघापासून हीच चाललीय. तुला काम तरी दिलंय ना?"

पडद्यावर आता स्टेशन आलं. नायिका बापाला सोडून निघते, तो प्रसंग. हा तिने एका दमात केला होता, आणि तेव्हा दिवे धरणारी माणसंही डोळे पुसत होती. तिला राहवेना. ती पपांच्या कानापाशी गेली आणि पडद्यावरच्या ओठांबरोबर स्वतःच बोलू लागली, हळू, आपल्या खाणीच्या बोलीतच.

"'जाऊ नकोस' म्हणा. एकदा तरी म्हणा. मी नाही जाणार."

पपांची मान ताठ झाली. अंधारात त्यांनी तिचा हात चाचपून धरला. "हां," ते पुटपुटले. "आली."

ती पुढचं म्हणू लागली. आवाज थोडा चढला असावा.

"शूऽऽ!" मागून मादाम वाँदामने तिच्या खांद्यावर टिचकी मारली. "जोस्लीन, गप्प बस ना गं पोरी! जरा तुला ऐकू दे की आम्हाला!"

जोस्लीन गप्प बसली. पडद्यावरचा तो नाजूक आवाजच सगळ्यांना तिचा वाटतोय, हे पपांना कळलं. त्यांनी तिचा हात सोडला नाही. पडद्यावरची परकी मुलगी रडत रडत बापाला हाका मारत होती, आणि पपा मान खाली घालून ऐकत राहिले.