रेस सोडल्यावर

लातूरच्या एसटी वर्कशॉपात फिटर असलेल्या ज्ञानोबाला एक नाद होता, आणि तो चार बायकांत सांगायची महानंदाला लाज वाटायची. कुणाचा नवरा पत्ते कुटायचा, कुणाचा कबुतरं पाळायचा. हिचा नवरा जंगल खात्याच्या भंगारातून मेलेल्या पेट्रोल करवती घरी आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्या जिवंत करत बसायचा.

याचं मूळ किनवटला होतं. तरुणपणी तो तिथल्या लाकूड डेपोत रोजंदारीवर होता. साठ-एकसष्टच्या सुमाराला डेपोत चार परदेशी करवती आल्या. पुढं लांब पट्टी, पट्टीभोवती दातांची साखळी आणि मागं बसकं, जड इंजिन. ज्या सागाला दोन माणसं आरा घेऊन अर्धा दिवस झटायची, तो पाव तासात आडवा व्हायचा. करवती चालवायला शिकवणाऱ्या मेकॅनिकनं ज्ञानोबाला हाताखाली घेतलं. महाराच्या पोराला यंत्राला हात लावू देणारा तो पहिला माणूस. पुढं सुटे भाग मिळेनासे झाले, करवती शेडात गंजत पडल्या, आणि ज्ञानोबा एसटीत लागून लातूरला आला. पण तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही. डेपोत भंगाराचा लिलाव निघाला की तो नांदेडपर्यंत एसटीनं जायचा, तिथून किनवटची गाडी धरायचा आणि येताना पोत्यात एखादा गंजका सांगाडा बांधून आणायचा. ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला तेव्हा त्याच्या पडवीत अशा पाच करवती होत्या. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी सात झाल्या.

स्कूटरच्या रिंगा घासून तो त्या पिस्टनला बसवायचा. जाड पुठ्ठा कापून गास्केट करायचा. साखळीचा एकेक दात कानशीनं धारेला आणायचा, पण ती साखळी तेलात बुडवून डब्यात ठेवून द्यायचा. करवतीवर कधी चढवायचा नाही. इंजिन पेटलं, आवाज एकसारखा लागला की त्याचं काम संपलं.

"कापायचं काय ह्यानं?" महानंदा विचारायची.

"कायबी न्हाई. चालतंय ना, बास."

त्या वर्षी मार्चातच नळ आटले आणि टँकर सुरू झाले. शेतात काम उरलं नव्हतं. तेवढ्यात नव्या जिल्ह्याचा रस्ता रुंद करायचा म्हणून चाकूरकडं जाणाऱ्या सडकेच्या दोन्ही अंगांच्या चिंचा तोडायला निघाल्या. हणमंतराव नावाच्या गुत्तेदारानं ते काम घेतलं होतं. महानंदाचा धाकटा भाऊ भीमा चाकूरला राहायचा. तो आऱ्यावर लागला. पण आऱ्याला दोन माणसं लागतात, आणि त्याचा जोडीदार आठ दिवसांत बायकोला घेऊन हैदराबादला निघून गेला. मुकादमानं भीमाला सांगितलं, जोडी असंल तर ये, न्हाईतर बस घरी.

भीमा लातूरला आला. पडवीत उकिडवा बसून त्यानं सातही करवतींकडं नीट पाहिलं.

"दाजी, एक द्या की. महिन्याभरासाठी."

"ते कापायला न्हाईत, भीमा. जुनी धुडं हायती. नव्या मशीनला ब्रेक असतो, ह्याला कायबी न्हाई."

"मी सांभाळून करतो की."

महानंदा चुलीपाशी होती. ती तिथूनच बोलली, "सात सात मशिनी तेल पाजून निजवून ठेवल्या तुमी. माझा भाऊ रिकामा बसून राहिला, ते न्हाई दिसत?"

त्यानं सगळ्यांत चांगली करवत काढली. तिच्यावर पहिल्यांदाच साखळी चढवली, दोरी ओढली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. रेस दिली तशी साखळी सणसणली. रेस सोडली. इंजिन मंद झालं, पण साखळी थांबली नाही. सरसर, सरसर फिरतच राहिली.

कारण त्याला लगेच कळलं. रेस सोडली की आतला क्लच स्प्रिंगांनी मागं ओढला जावा आणि साखळी सुटी होऊन थांबावी, अशी ती रचना. मूळ स्प्रिंगा तुटलेल्या मिळाल्या होत्या. त्यानं मोपेडच्या स्प्रिंगा कापून बसवल्या होत्या, त्या मऊ पडत होत्या. आजवर साखळीच नव्हती, म्हणून कधी दिसलं नव्हतं. इंजिनाची मंद गती ठरवणारा स्लोचा स्क्रू त्यानं थोडा ढिला केला. साखळी थांबली, पण मिनिटभरात इंजिनही बसलं. पुन्हा आवळला. इंजिन टिकलं, साखळी फिरू लागली. महानंदा दारात उभी राहून बघत होती आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याच्या नादाचं कौतुक होतं.

त्यानं स्क्रू तसाच ठेवला. भीमाला बाजूला घेऊन सांगितलं, "रेस सोडली तरी हे फिरतंय, ध्यानात ठेव. लाकडातून काढलं की आधी बंद करायचं, मग पाय उचलायचा."

"हाव दाजी."

नव्या स्प्रिंगा मिळाल्या की बदलून देऊ, असं त्यानं मनात धरलं. महानंदाला यातलं काही सांगितलं नाही.

सतरा दिवस काम सुरळीत चाललं. अठराव्या दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, भीमा पाडलेल्या चिंचेच्या फांद्या छाटत होता. तापलेलं इंजिन एकदा बंद केलं की लवकर लागत नाही, दोरी ओढून खांदा भरून येतो. त्यामुळं तो एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाताना बंद करायचा नाही. सालीवरून पाय घसरला. करवत मांडीवर आली. रेस सोडलेली होती, तरी साखळीनं धोतर धरलं आणि धोतरासकट मांडी धरली. लोकांनी ट्रॅक्टरमध्ये घालून लातूरला आणेपर्यंत तो गेला होता.

मुकादमानं पोलिसांत जबाब दिला, माणूस दारू पिऊन कामावर आला होता. हणमंतरावानं सांगितलं, तो आमच्या हजेरीवर नव्हताच, स्वतःची मशीन घेऊन स्वतःच्या मर्जीनं आला होता.

भीमा पूर्वी प्यायचा, हे खरं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं विहारात पाचही शिलं घेतली आणि सोडली ती सोडलीच. पण एकदा पिणारा म्हणून नाव झालेल्या माणसाबद्दल लोकांना पटायला वेळ लागत नाही. जलदान विधीच्या दिवशी भिक्खूंचं गाथा म्हणणं संपलं, माणसं पांगली, आणि भीमाची म्हातारी आई नागुबाई भिंतीशी बसून स्वतःशीच म्हणाली, "पुन्यांदा धरली असंल त्यानं. मला कुटं सांगणार व्हता?"

भीमाची बायको पंचशीला भांडी आवरत होती. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. ती उठून ज्ञानोबापाशी आली. नवऱ्याचं ऐकून तीही त्याला दाजीच म्हणायची.

"दाजी, ते पिऊन नव्हते. सकाळी मीच भाकर बांधून दिली. आता त्यांची आईसुदिक असं म्हणून राहिली. तुमी मशीनवाले हाव. तुमीच सांगा, कसं झालं?"

ज्ञानोबानं मान खाली घातली. तिला वाटलं, त्याला दुःख आवरत नाही.

लातूरला परतल्यावर त्यानं महानंदाला सांगितलं. ती सुपात ज्वारी पाखडत होती.

"त्या करवतीत खोट होती. मला ठावं होतं."

सूप थांबलं. "कवापासून?"

"दिली त्या दिवसापासून."

"मी मागं लागले तवा का न्हाई सांगितलं? खोट हाय म्हणला असता, तर मी काय ऐकलं नसतं?"

उत्तर त्याला माहीत होतं. सात वर्षं ज्या गोष्टीपायी तिनं त्याला वेड्यात काढलं, ती गोष्ट त्या दिवशी दारात उभी राहून ती डोळे भरून बघत होती. तेवढ्यापुरतं त्याला आपल्या हातच्या कामात खोट आहे, असं म्हणवलं नाही. एवढंच होतं, आणि हे तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं.

महानंदानं ज्वारी डब्यात ओतली, दोन लुगडी पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आईकडं चाकूरला गेली. त्याच गाडीत, तिच्या मागं चार बाकं सोडून, ज्ञानोबा बसला होता. तो पोलीस ठाण्यावर उतरला.

फौजदारानं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "आपोआप फिरते म्हणजे काय? मी असं कसं लिहू? मुकादम म्हणतो माणूस प्यालेला होता. तू मयताचा दाजी. उद्या तो म्हणेल, नातलगानं खोटं सांगितलं. चालू करून दाखव पंचांसमोर."

करवत मुद्देमालाच्या खोलीत होती. हवालदारानं ती पोत्यासकट आवारात आणून ठेवली. पट्टी वाकलेली नव्हती. कार्बोरेटरमध्ये माती गेली होती, प्लग काळा पडला होता, आणि साखळीच्या दातांत धोतराचे धागे काळ्या खपलीत अडकून बसले होते.

"असं चालू व्हायचं न्हाई, साहेब. साफ करावं लागंल."

"कर मग."

ठाण्याच्या आवारात, पत्र्याच्या सावलीला, ज्ञानोबानं पाने मांडले. पंच म्हणून समोरच्या किराणा दुकानातला मडिवाळप्पा आणि गावचा एक शिक्षक बोलावून आणले. पंचशीलाला कुणीतरी कळवलं असावं. ती नागुबाईला धरून आली आणि भिंतीकडेला बसली. महानंदा आली नाही.

हे काम त्यानं शेकडो वेळा केलं होतं. कार्बोरेटर खोलायचा, पेट्रोलनं धुवायचा, बारीक तारेनं जेटचं भोक साफ करायचं, फुंकर मारायची. हातांना सगळं पाठ होतं. साखळीपाशी आल्यावर हात थांबले. हवालदार म्हणाला, "तेवढं राहू दे, तपासाला लागतं." ज्ञानोबानं मान हलवली आणि धाग्यांना न लागता साखळीचा ताण तेवढा बघितला.

दोरी ओढण्याआधी त्याची नजर स्लोच्या स्क्रूवर गेली. अर्धा फेरा ढिला केला असता, तर रेस सोडल्यावर साखळी थांबली असती. इंजिन बसायला मिनिट लागलं असतं, आणि तेवढं मिनिट फौजदाराला पुरलं असतं. मशीन ठीक आहे, असा कागद झाला असता. त्याची नोकरी राहिली असती. त्याला आधीपासून ठाऊक होतं, हे महानंदाखेरीज कुणाला कळलं नसतं, आणि ती कुणाला सांगायला गेली नसती. त्याच्या हातात पेचकस होता. त्यानं वर पाहिलं. नागुबाई त्याच्याकडं बघत नव्हती. ती खाली मातीकडं बघत होती, दारुड्याच्या आईनं बघावं तसं.

त्यानं पेचकस खाली ठेवला.

इंजिन पाचव्या झटक्याला लागलं. ज्ञानोबानं करवत दोन विटांवर टेकवली, रेस दिली, सोडली आणि दोन्ही हात वर केले. साखळी फिरत राहिली. धागे गोल गोल जात होते आणि परत येत होते.

"बघा साहेब. कुणाचा हात न्हाई."

मडिवाळप्पा दोन पावलं मागं सरकला. शिक्षकानं चष्मा काढला. फौजदार म्हणाला, "बंद कर."

"हे तुला आधी माहीत होतं?" लिहिता लिहिता त्यानं विचारलं.

"हाव."

"लिहू तसं?"

"लिवा."

पंचशीला उठून जवळ आली. ती म्हणाली, "म्हणजे ते नव्हते प्यालेले."

"नव्हता."

"आन् तुमाला ठावं होतं."

"ठावं होतं."

तिनं सासूला उठवलं आणि दोघी गेल्या. त्या संध्याकाळी, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा, नागुबाई मोठ्यानं रडली. शेजारच्या बाया जमल्या तरी थांबेना. माझ्या लेकराला मीच दारुडा म्हणाले, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दारूचा मुद्दा कागदातून गेला. गावातूनही हळूहळू गेला. हणमंतरावाला काही झालं नाही, पावसाळ्याआधी उरलेल्या चिंचाही त्यानं पाडल्या. गुन्हा ज्ञानोबावर दाखल झाला, हयगयीनं मृत्यूला कारण झाल्याचा. वर्कशॉपातून तो निलंबित झाला. खटला तीन वर्षं चालला. शेवटी कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा आणि दंड, एवढ्यावर सुटला. दिवसभर तो आरोपीच्या बाकावर बसून राहिला आणि संध्याकाळी शिपायानं जा म्हटल्यावर उठला. पंचशीला तोवर किनवटकडच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली होती. ती निकालाला आली नाही. त्याच्याशी ती पुन्हा बोललीही नाही.

महानंदा मात्र पहिल्याच वर्षी, पावसाळा कोरडाच उलटल्यावर परत आली होती. ज्ञानोबा दारातच बसला होता. पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "तुमी खरं सांगितलं म्हणून आले न्हाई. आईच्यानं माझं तोंड बघवंना, म्हणून आले."

तो बाजूला सरला. ती आत गेली, घागर उचलून तळाला किती पाणी आहे ते बघितलं, आणि टँकर कधी येतो म्हणून त्याला विचारलं.