पंखात राहिलेली खळ

माझ्या पंखावर हळूच बोट टेकवून बघा, मित्रांनो. पत्रा नाही, कापड आहे. तरीही मी विमानच आहे. महायुद्धातलं जुनं लढाऊ विमान, एकावर एक अशा दोन पंखांचं. माझ्यासारखी आता फारशी उरली नाहीत, असं बघायला येणारे सांगतात. ते ऐकून मला अभिमान वाटत नाही, धडधडतं. बाकीच्यांचं काय झालं, ते मी पाहिलं आहे.

दूरच्या एका थंड देशात मला घडवलं. पोलादी नळ्या, लाकडाच्या फासळ्या आणि त्यांवर ताणून शिवलेलं कापड. खोक्यांत भरून बोटीने मला हिंदुस्थानात आणलं. मी चटकन वळायचो, म्हणून वैमानिक माझी पाठ थोपटायचे. एकदा मात्र शेजारी उडणाऱ्या माझ्या जोडीदाराच्या वरच्या पंखाचं कापड हवेतच सुटलं. आधी नुसती फडफड ऐकू आली, वाळत घातलेल्या धोतराची येते तशी. मग तो शेजारी नव्हता.

युद्ध संपलं आणि मी भंगारात गेलो. निपाणीच्या एका व्यापाऱ्याने माझं इंजिन विहिरीवर बसवायला म्हणून मला उचललं. इंजिनाची पेट्रोलची भूक बघून त्याने हात जोडले आणि मला तंबाखूच्या वखारीत ढकललं. कापड कुजून गळालं. तंबाखूच्या उग्र वासाने म्हणा किंवा कशाने, वाळवी मात्र माझ्याकडे फिरकली नाही. कितीतरी वर्षं लोक माझ्या सांगाड्याला पोती टेकवून ठेवत.

तिथून मला शिवराजने बाहेर काढलं. तो बेळगावचा; विमानं दुरुस्तही करतो आणि उडवतोही. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका शेडमध्ये त्याने मला पुन्हा उभं केलं. त्याची बायको प्रियदर्शनी रोज डबा घेऊन यायची, कडेवर छोटी भैरवी. सगळे म्हणायचे, विमान उडणार. प्रियदर्शनीला ऐकू यायचं, शिवराज उडणार. येता-जाता ती माझे खिळे, तारा, टाके बघत राहायची.

माझं कापड वडगावच्या महादेव अण्णांनी मागावर विणलं. विणताना सुताला खळ, म्हणजे पिठाची कांजी, द्यावीच लागते. पण विणून झाल्यावर ती पूर्ण धुऊन काढा, असं शिवराजने बजावलं होतं. कारण पंखाच्या कापडावर डोप नावाचा लेप देतात. तो सुतात मुरला, तरच कापड घट्ट राहतं. अण्णांनी आधी नमुना दिला, तो तपासून झाला. मग कापडाचं अख्खं ठाण आलं. अण्णांच्या बायकोने, जयवंताकाकींनी, ते फासळ्यांवर शिवलं. लेप लागला. शेडभर नेलपॉलिशसारखा वास पसरला.

लेप माझ्या अंगावर बसला, पण अंगात उतरेना. मला ते कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. तिकडे उड्डाणाची तारीख ठरली, मंडप सांगितला गेला. वारा आला की मी त्या फडफडीचा कानोसा घ्यायचो.

तारीख तोंडावर आली होती. भैरवी कोपऱ्यातल्या उरलेल्या कापडाशी खेळत होती. तिने ते तोंडात घातलं, तसं प्रियदर्शनीने ओढून काढलं. कापडाची कड कुरतडलेली होती. घडीतून दोन झुरळं पळाली.

"अहो, हे बघा जरा. झुरळं खळीच्या साड्यांनाच लागतात. ह्या कापडाला कशी लागली?"

"कापड तपासलंय गं," शिवराज म्हणाला. "तू बाळाच्या दुधातही चार वेळा बोट घालून बघतेस."

"बघते. म्हणूनच तिचं तोंड अजून भाजलं नाही. तुम्ही नमुना तपासलात. ठाण तपासलंत का?"

शिवराज शिडीवर चढला. त्याने माझ्या वरच्या पंखावर चिकटपट्टी दाबली आणि ओढली. लेप कांद्याच्या सालीसारखा निघून आला.

अण्णांना बोलावलं.

"व्हय, दिली की खळ," अण्णा म्हणाले. "आधीची समदी धुतली आणि वरनं हलकीच दिली. लुळं कापड गिऱ्हाइकाच्या दारात कसं न्यायचं? आमच्यात लाज असती ती."

"आणि नमुन्याला, अण्णा?"

"नमुना म्हंजे चिंधी. तिला कोण खळ देतंय?"

"ह्यांनी माझ्या माहेरच्या टॉवेललाबी खळ दिलती," जयवंताकाकी म्हणाल्या. "आप्पा अंग पुसायचे, पाणी हाय तिथंच."

कुणी हसलं नाही. अण्णांनी निघालेला लेप बोटांत चुरगाळून बघितला. मग माझं कापड कापून काढायला त्यांनी स्वतःच कातर मागितली.

उड्डाण पुढे ढकलल्याचे पाहुण्यांना फोन गेले. "विमान न्हाय रं, नुसता मंडप उडला," असं लोक म्हणाले. शिवराजने ऐकून घेतलं. अण्णांनी नवं कापड विणून दिलं, धुतलेलं, लुळं. प्रियदर्शनीने प्रत्येक पट्टीवर आयोडीनचा थेंब टाकला. निळा डाग पडला, म्हणजे खळ उरलेली; ती पट्टी पुन्हा धुवायला जायची. ह्या वेळी लेप माझ्या सुतासुतात उतरला.

मग एका सकाळी सांबऱ्याच्या धावपट्टीवरून आम्ही उडालो. खाली कंग्राळीची शेतं होती म्हणे. मी ती पाहिली नाही. मी फक्त ऐकत होतो. इंजिन होतं, वारा होता, फडफड नव्हती. खाली उतरलो, तर अण्णा हार घेऊन उभे. प्रियदर्शनी त्यांना मागे टाकून पुढे आली आणि तिने आधी माझ्या पंखाखालून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग शिवराजकडे बघितलं. मग रडली.

आता मला पुन्हा उडायचं आहे, आणि धाकधूक गेलेली नाही. मित्रांनो, मला बघायला याल, तेव्हा कुठे टाका उसवलेला दिसला, कुठे कापड फुगलेलं वाटलं, तर गप्प राहू नका. आपण लहान, आपलं कोण ऐकणार, असं म्हणू नका. मोठे हसतील, हसू देत. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.