दोनशे बारा पत्त्यांवर गेलेला मसुदा

मी एक जुना मसुदा आहे. कागदावरचा नव्हे, ई-मेलमधला. एकच पत्र अनेकांना धाडायचं असलं की माझ्यासारखा मसुदा करून ठेवतात. वरचं नाव तेवढं बदलायचं असतं. मित्रांनो, हे 'तेवढं'च कुणाकडून धड होत नाही!

माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या दुकानात झाला. घरचे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. वहिनी एक वेबसाइट चालवत. मशीन अडलं, दोरा तुटू लागला, तर घरच्या घरी काय करावं, हे त्या फोटो काढून समजावून सांगत. वाचक पुष्कळ होते. पण खर्च भागावा म्हणून लावलेल्या आपोआप येणाऱ्या जाहिराती नेमक्या फोटोवरच येऊन बसत. एका आजींनी लिहिलं, "सुई कशी बसवायची ते बघत होते, तर मध्येच मोटार नाचायला लागली. सुई बोटात घुसली."

वहिनींनी ठरवलं, या जाहिराती काढायच्या. सुया, दोरे बनवणाऱ्या कुणाला तरी थेट विचारायचं आणि पानाच्या कडेला त्याची एकच शांत जाहिरात ठेवायची. तीन महिन्यांत कुणी मिळालं नाही, तर वेबसाइट बंद.

त्यांनी मला चार ओळींत लिहिलं. मी सुटसुटीत होतो, देखणा होतो म्हणा ना! तेवढ्यात त्यांचे दीर आले. न मागता मदत करणं हा त्यांचा स्वभाव.

"वहिनी, असं कुठे पत्र असतं? वजन पाहिजे, वजन!"

"भावोजी, लोकांना वाचायला वेळ नसतो हो."

"तुम्ही सरका बघू."

वहिनी सरकल्या आणि मी एकतीस ओळींचा झालो. 'आपल्या संस्थेच्या उज्ज्वल वाटचालीने आम्ही भारावून गेलो आहोत.' ज्या संस्थेचं नावही नीट वाचलं नव्हतं, तिच्या वाटचालीने! वर अक्षरं तीन रंगांत.

भावोजींनी कुठून तरी दोनशे बारा पत्ते मिळवले आणि मला पाठवत सुटले. मी चपलांच्या कारखान्यात गेलो, माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडे गेलो, एका दंतवैद्याकडे तर दोनदा गेलो. बहुतेकांनी मला उघडलंसुद्धा नाही. अकरा उत्तरं आली, सगळी एकसारखी : 'मी सध्या रजेवर आहे.'

"बघा, प्रतिसाद येतोय!" भावोजी खूश.

"अहो, ते यंत्र बोलतंय," वहिनी म्हणाल्या. मला कपाळ असतं, तर मी ते बडवून घेतलं असतं.

मग व्हायचं तेच झालं. दोऱ्याचा कारखाना चालवणाऱ्या एका बाईंपुढे मी 'आदरणीय दंतवैद्य साहेब' म्हणत जाऊन उभा राहिलो. त्यांनी उलट टपाली लिहिलं, "मी दात बघत नाही, दोरा बनवते. आमचा दोरा तुम्ही कधी वापरलाय तरी का?"

वहिनींनी ते उत्तर दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "खरंय त्यांचं. नाही वापरलेला."

भावोजींचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं, वहिनी."

"माझंही चुकलं. मी सरकले कशाला?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्या बाईंच्या दोऱ्याची सहा रिळं आणली आणि दोन आठवडे त्याच दोऱ्याने शिवत बसल्या. मग नवं पत्र लिहिलं. आधी माफी मागितली. जाड कापडावर दोरा उत्तम चालतो, पण तलम कापडावर लाल दोरा सारखा तुटतो, हे फोटोंसकट कळवलं. 'वाचक नेहमी विचारतात, दोरा कोणता घ्यावा? आमच्याकडे जाहिरात द्याल का? मात्र लाल दोरा तुटतो, हेही मी लिहीन.' त्या पत्रात माझा एक शब्दही नव्हता. मला झोंबलं, खोटं कशाला सांगू?

आठवडा गेला. वहिनींनी दोन ओळींत एकदाच आठवण करून दिली. मग फोनच आला.

"आमचा लाल दोरा बिघडलाय, हे आमच्यातल्या कुणालाच कळलं नव्हतं," दोरेवाल्या बाई म्हणाल्या. "जाहिरात देते. तुटतो म्हणून जरूर लिहा. सुधारला की तेही लिहा म्हणजे झालं."

वेबसाइट तगली. मी मात्र ड्राफ्टच्या कप्प्यात पडून आहे. माझ्याने एकही काम झालं नाही; जे झालं, ते मला बाजूला ठेवल्यावर. याचं वाईट वाटतंच.

मित्रांनो, माझ्यासारखे मसुदे उद्या तुम्हालाही लागतील. जरा जपून वापरा. ज्याला लिहायचं त्याचं काम आधी बघा, त्याचं नाव दोनदा वाचा. आणि एवढंही जमणार नसेल, तर कृपा करून मला झोपू द्या.