पिवळी खोकी

ज्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न झालं, त्याच वर्षी बाजारातून ग्राफिक्स कार्डं नाहीशी झाली. संगणकाच्या पोटात बसणारी ही वस्तू. पडद्यावर चित्र पळतं ते तिच्या जोरावर. खेळ खेळणारी पोरं आणि व्हिडिओ जोडणारे लोक तिच्यासाठी दारोदार फिरत होते.

माझा धाकटा भाऊ फक्त पिवळ्या खोक्यातली कार्डं विकायचा. दुसरी एक करड्या खोक्यांची कंपनी होती, पण तिचा माल त्याने दुकानाची पायरी चढू दिला नाही. म्हणून बाजारात त्याला पिवळोबा म्हणत. माझा नवरा गेल्यापासून मी भावाकडेच होते आणि दुकानात खोकी लावायला बसायचे. पन्नाशी उलटल्यावर मला वाचता यायला लागलं, ते त्या खोक्यांमुळेच.

टंचाईत सगळी गल्ली दुप्पट पैसे घेत होती. भाऊ मात्र खोक्यावर छापलेलीच किंमत घ्यायचा. समोरचा दुकानदार दोन्ही कंपन्यांचा माल ठेवायचा. तो दारातूनच ओरडायचा, "पिवळोबा, आज तरी किंमत वाढवा! आम्हा पाप्यांची लाज जाते हो."

"पापी आहात हे कबूल केलंत," भाऊ म्हणायचा, "आजचा दिवस सार्थकी लागला."

त्याची आणखी एक रीत होती. माल आला की तो प्रत्येक खोक्याचं सील मला कापायला लावायचा, कार्ड दुकानातल्या मशीनवर चढवायचा आणि चांगलं तापेपर्यंत चालवायचा. मगच ते फळीवर जायचं. "गिऱ्हाईक घरी जाऊन रडण्यापेक्षा मी इथे रडलेलो बरा," असं म्हणायचा.

टंचाई सरत आली तेव्हा पिवळ्या कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. "साहेब, तुमच्यासारखा निष्ठेचा दुकानदार दुसरा नाही. म्हणून हा सगळा माल आधी तुम्हाला. किंमत अजून चढणार आहे."

मी आतून म्हटलं, "अरे, एवढा कशाला?"

"अक्का, त्यांनी मला विचारलंय. समोरच्याला नाही."

दुकानाची जागा गहाण टाकून त्याने तो माल उचलला. खोकी छतापर्यंत गेली. सगळी उघडून तपासली, एकही कार्ड खराब निघालं नाही. भाचीच्या लग्नात नाचला नव्हता एवढा तो त्या दिवशी दुकानात नाचला.

थोड्याच दिवसांत करड्या कंपनीने नवं कार्ड आणलं. काम तेवढंच, किंमत निम्म्याच्या आसपास. तिला तोंड द्यायला पिवळ्या कंपनीनेही रातोरात आपली किंमत उतरवली. आमचा माल घेतलेल्या किमतीतही खपेना. मी घाबरले. पण कंपनीने कळवलं, महाग घेतलेल्या मालाचा फरक दुकानदारांना भरून मिळेल. भावाने ते वाचून हात जोडले. "बघितलंस, अक्का? घरच्या माणसाला कोण वाऱ्यावर सोडतं?"

माल मोजायला तोच इस्त्रीचा शर्ट आला. एक खोकं उलटंसुलटं केलं, दुसरं केलं, मग मोजायचाच थांबला.

"साहेब, सीलं कुठे आहेत?"

"तपासलाय सगळा. मी नेहमीच तपासतो."

"हो, पण उघडलेला माल वापरलेला धरतात. फरक फक्त सीलबंद खोक्यांवर मिळतो."

"तुम्हीच म्हणालात ना, असा दुकानदार दुसरा नाही?"

"आजही म्हणतो, साहेब. पण मला कोण विचारतो?"

तो समोरच्या दुकानात गेला. तिथली सगळी खोकी सीलबंद होती. समोरच्याला फरक मिळाला.

संध्याकाळी समोरचा स्वतः आमच्याकडे आला. या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "माझ्या ओळखीत एक जण आहे. सील असं चिकटवतो की कंपनीच्या बापालाही कळायचं नाही. उद्या पाठवू?"

"आणि कंपनीला काय सांगू?"

"काहीच सांगायचं नाही. तेच तर!"

"म्हणजे फसवायचं तिला?"

"अहो, ती काय तुमची लग्नाची बायको आहे?"

मला हसू आलं, भावाला नाही आलं. मी म्हटलं, "हो म्हण रे. नाहीतर जागा जाईल."

"अक्का, इतकी वर्षं तिच्या नावावर जेवलो."

"जेवलास ते स्वतःच्या कष्टावर. ती तुला ओळखते तरी का?"

समोरच्याला त्याने नको म्हणून सांगितलं.

मग गिऱ्हाईक तुटत गेलं. टंचाईत ज्याला भावाने छापील किमतीत कार्ड दिलं होतं, तो व्हिडिओ जोडणारा मुलगा एक दिवस समोरच्या दुकानातून करडं खोकं काखेत मारून निघाला. आम्हाला बघून ओशाळला, आणि रस्ता ओलांडून आला.

"काका, राग मानू नका. इथे येणार होतो, पण पैसे शेवटी माझेच जातात ना."

"बरोबर आहे तुझं," भाऊ म्हणाला. "तपासून दिलं का त्यांनी?"

"नाही."

"आण इकडे."

त्याने आमच्याच मशीनवर ते करडं कार्ड चढवलं. करड्या कंपनीचं कार्ड पहिल्यांदा त्याच्या हातात आलं होतं. पंखा फिरला, पडद्यावर चित्र पळू लागलं. बऱ्याच वेळाने भावाने कार्डाच्या पाठीवर तळवा टेकवला. पिवळं एव्हाना चटका देत असे. त्याने हात उचललाच नाही. शेवटी मुलानेच विचारलं, "काका, ठीक आहे ना?"

"चांगलं आहे. बिनघोर ने."

मुलगा गेल्यावर भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, खरंच चांगलं आहे गं ते."

त्यानंतर त्याने माल तपासणं सोडलं आणि कंपनीबद्दल बोलणंही. हप्ते थकले, जागा गेली. पिवळी कार्डं वापरलेला माल म्हणून समोरच्यानेच घेतली, मिळेल त्या किमतीला. भाऊ घरी खिडकीशी बसून राहायचा. जेवायला हाक मारली तर यायचा, नाही मारली तर यायचा नाही.

दुकान गेल्यानंतरच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, माझा धाकटा भाऊ वारला.