डाव्या गालाचं ऊन

अस्वलाने प्रेमलालचं तसं फार वाईट केलं नव्हतं. बिरसा गावाजवळच्या जंगलात मोहफुलं वेचताना दोघे एकाच झाडाखाली आले, एवढंच. अस्वल म्हणालं असेल झाड माझं, प्रेमलाल म्हणाला असेल सरकारचं, आणि त्या वादात अस्वलाचा पंजा याच्या डाव्या गालावर पडला. जखम आपली आपण भरली, पण वाकडी भरली. ओठाचा डावा कोपरा वर ओढला गेला तो तसाच राहिला, आणि प्रेमलाल चोवीस तास गालातल्या गालात हसतोय असं दिसू लागलं.

हसरा चेहरा म्हणजे देवाचं देणं, हे खरं. पण प्रेमलाल होता डाकवाला. मयताचं कोपरा फाडलेलं कार्ड हातात देतानाही तो हसरा, म्हणून दोन गावांनी त्याच्यावर कुत्री सोडली. मुलगी पाहायला गेला तर आजी म्हणाली, "हा पोट्टा आपल्या घराले हसून राह्यला," आणि पोहे आत नेले. असे तीन घरचे पोहे परत गेले. तिसऱ्या घरी तर घास तोंडात होता.

शेवटी सहासष्ट सालच्या पौषात तो नागपूरला गेला. तिथे एक डॉक्टर शिंपी कापड उसवतो तसा चेहरा उसवून पुन्हा सरळ शिवतो, असं त्याने ऐकलं होतं. डॉक्टरने शिवला. ओठ जागेवर आला. प्रेमलालने आरशात पाहिलं तर समोर एक गंभीर, विचारी माणूस, थेट तहसीलदार शोभावा असा.

"टाके निघाले म्हणजे काम संपलं समजू नका," डॉक्टर म्हणाले. "व्रण अजून कच्चा आहे. सहा महिने, जमलं तर वर्षभर, त्याला ऊन लागू द्यायचं नाही. कच्च्या व्रणाला ऊन लागलं की तो काळा पडतो, आणि तो काळेपणा मग सहजी हटत नाही."

"पण साहेब, मी दिवसभर सायकलवर असतो."

"सायकलला ऊन लागलं तर चालेल," डॉक्टर म्हणाले.

हे सगळं एक वेळ प्रेमलालने हसण्यावारी नेलं असतं, पण आता त्याला हसता येत नव्हतं आणि मधे ललिता आली होती. परसवाड्याच्या पुनारामची ही मुलगी. सातवी झालेली, डोळे असे की समोरच्याने खिशातलं पत्रही लपवावं. फाल्गुनात पाहणं झालं. या वेळी पोहे संपेपर्यंत ताटली समोर राहिली. पण पुनाराम जात्याच सावध माणूस. निघताना म्हणाला, "पोरगा मले पसंत हाय. पण आमची भावकी लई नावं ठेवते. गालावर काळा पट्टा राह्यला तं म्हनतील, पुनारामनं पोरगी अस्वलाच्या उष्ट्याले देल्ली. वैशाखात येतो, गाल पाहातो, मंग साक्षगंध."

म्हणजे लग्न होतं गालावर, आणि गाल होता रस्त्यावर.

त्यात रस्ता असा वैरी की विचारू नका. बालाघाटहून राजेगावकडे सकाळी निघालं की तोंड दक्षिणेला, सूर्य डाव्या हाताला. दुपार कलल्यावर परतलं की तोंड उत्तरेला, आणि सूर्य पुन्हा डाव्याच हाताला! उजवा गाल बिचारा उगाच गोरा होत चालला. कुणी सुचवलं, येताना सायकल उलटी चालव. प्रेमलालने पाव मैल तेही करून पाहिलं म्हणतात, पण म्हशींनी रस्ता दिला नाही.

छत्री धरली तर एका हाताने सायकल बांधात गेली आणि चौदा चिठ्ठ्या चिखलात. गमछा गुंडाळला तर घामाने व्रणाला चिकटला आणि अशी खाज सुटली की अस्वल बरं.

मार्ग काढला शेवंताबाईने. ही त्याची आत्या. छिंदीच्या, म्हणजे रानखजुरीच्या, पानांच्या चटया विणायची, आणि लगनसराईत नवरदेवांचे मौर. मौर म्हणजे नवरदेवाच्या डोक्यावरचा पानांचा मुकुट, समोर कोवळ्या पानांच्या झालरी हनुवटीपर्यंत लोंबणारा.

"हे बांध," ती म्हणाली. "सावली बी भेटते, हवा बी लागते. गालाले टेकत बी नाही."

"आत्या, मौर बांधून डाक वाटू? लोक काय म्हनतील?"

"लोकाईले तोंड दिसलं तं म्हनतील ना! डाव्या बाजूले मी दुहेरी झालर लावून देतो."

पोस्टमास्तरांनी नियमांचं पुस्तक चाळलं. डोक्यावर काय घालायचं ते त्यात होतं, तोंडापुढे काय लोंबू द्यायचं नाही ते नव्हतं. प्रेमलाल निघाला.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. नवरदेव गावावरून गेला तर त्याला कोरडा जाऊ देत नाहीत. पहिल्या दिवशी प्रेमलालने तीन चिठ्ठ्या वाटल्या आणि अकरा पेले गूळपाणी प्याला. "वरात कुठं हाय बावा?" असं जो तो विचारी. हा म्हणे, "मी डाकवाला हाव." बाया पदराआड हसत, "पाहा वो, लाजून राह्यला!" एका गावात डफडेवाले दोन मैल मागे वाजवत आले. दुसऱ्या दिवशी त्याने उत्तर देणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी पिशवीत दुलीचंद पाटलाचं पत्र होतं. दुलीचंदचं गाव आडवाटेला, महिन्यातून एखादी चिठ्ठी जायची. गावाच्या तोंडाशी प्रेमलाल पोचला तो मांडव दिसला, जांभळीच्या डहाळ्यांनी झाकलेला, आणि मांडवाबाहेर शे-दीडशे माणसं रस्त्याकडे डोळे लावून बसलेली. दुलीचंदच्या मुलीचं लग्न होतं, मुहूर्त टळत चालला होता, आणि नवरदेवाचा पत्ता नव्हता. नवरदेव होता पोलिसात शिपाई.

लोकांनी मौर पाहिला. मौराखाली खाकी पाहिली.

"आला रे आला! वरात मागं टाकून सायकलीनं आला!"

"अहो, मी डाक..." एवढं प्रेमलाल म्हणाला, पुढचं डफड्यात गेलं. दोघांनी सायकल धरली, चौघांनी त्याला. त्याने पत्र वर धरलं, तर दुलीचंद म्हणाला, "आहेराची यादी मंग पाहू जावईबापू, भटजी कावून राह्यले!" डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच प्रेमलाल पाटावर, समोर अंतरपाट, हातात अक्षता. मौर काढून तोंड दाखवलं असतं तर काम झालं असतं. पण डहाळ्यांच्या फटीतून उन्हाचे कवडसे नेमके त्याच्याच पाटावर नाचत होते. ऊन आणि लग्न, दोन्ही अंगावर आलेली. त्याने एका हाताने झालर धरली आणि दुसऱ्या हाताने पत्र अंतरपाटावरून पलीकडे नाचवलं.

पलीकडे नवरीच्या मागे एक मुलगी उभी होती. तिने पत्र ओढून घेतलं, फोडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "वरातीच्या गाडीचा आख मोडला आहे. लग्नादिवशी सकाळचा मुहूर्त साधणार नाही. सायंकाळचा धरावा."

डफडं थांबलं. भटजी 'सावधान' म्हणायला आ वासून तसेच राहिले.

तो आवाज ऐकून प्रेमलालने झालर आणखी खाली ओढली. आवाज ललिताचा होता. आणि ललिता इथे म्हणजे...

"मंग तू कोन हायस बे?" म्हणत जो पुढे आला तो पुनारामच. दुलीचंद त्याचा साडू.

"मी... प्रेमलाल."

पुनारामचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "माह्या पोरीचं साक्षगंध ठरवून तू इकडं बोहल्यावर चढून राह्यला?"

"नाही जी! हे उन्हासाठी. डॉक्टरनं सांगतलं, व्रणाले ऊन लागू देऊ नोको. वैशाखात तुमी गाल पाहानार होते नं, म्हनून."

"बरं झालं. वैशाखच हाय. दाखव."

"इथं दाखवतो."

"इथं नाही. लुगडं आन् जावई उन्हात पारखून घ्यावं. बाहेर चाल."

चार महिने जपलेला गाल! प्रेमलाल मांडवाच्या कडेला थबकला. पलीकडे ऊन तव्यासारखं तापलं होतं. "मामाजी, अजून दोन महिने कच्चा हाय तो. काळा पडला तं तुमीच नाही म्हनान."

"म्हंजे लपवायसारखं काही हाय," पुनाराम माघारी वळला. "ललिता, चाल घरी."

मग मात्र प्रेमलाल उन्हात उतरला. त्याने मौराची गाठ सोडली, मौर काढला आणि डावा गाल सूर्याकडे करून उभा राहिला. "पाहा. काळा पडला तं पडला. पण मी खोटं नाही बोललो."

तेवढ्यात त्याच्या गालावर सावली आली. ललिताने अक्षतांचं सूप रिकामं केलं होतं, ते तिने त्याच्या कानाशी आडवं धरलं.

"बाबा, भवताल इतका उजेड हाय. सुपाच्या सावलीत दिसत नाही काय तुमाले?"

"तू काहून मधात पडते?"

"गाल त्याहिचा असन, रोज पाहाचा मलेच हाय नं! तुमी एकदा पाहून घरी जासान. लवकर पाहा, माहा हात दुखून राह्यला."

बायांनी तोंडं दाबली. पुनारामने सुपाखाली डोकं घातलं. एकदा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काळं काही नव्हतं. पिकल्या पेरूच्या गरासारखी एक फिकट गुलाबी रेघ, बस.

"हौ," तो पुटपुटला. मग जरा मोठ्याने, "भावकी काय म्हनते?"

भावकी सगळी तिथेच होती. तिने आळीपाळीने सुपाखाली डोकं घातलं. एक म्हातारी म्हणाली, "माह्या नातवाले बी याच डॉक्टरकडं धाडजा." याहून मोठी पसंती भावकीकडून मिळत नसते.

संध्याकाळपर्यंत भटजी रिकामे होते. दुलीचंदनेच आतली खोली उघडली, खिडकी लावली, आणि साक्षगंध तिथे अंधारात उरकलं. कुंकू कपाळाऐवजी दोनदा नाकाला लागलं.

निघताना प्रेमलालने पिशवी खांद्याला लावली. सात पत्रं वाटायची राहिली होती. ललिता दारात उभी. रीतीप्रमाणे ती त्याच्याशी बोलली नाही, नवरीशी बोलली. "विचार वो याहिले, परसवाड्याले पत्र लिवता येते काय? का दुसऱ्याईचेच वाटता येतात?"

प्रेमलालने नवरीकडेच पाहून उत्तर दिलं, "लिवता येते. पण वाचनारीनं मांडवात वाचून दाखवू नये."

"तसं काही असन तं नाही वाचनार," ललिता म्हणाली. "तसं लिवा म्हना."