आत्तींनी सोडलेलं दूध

आमच्या घरी दुधाला कधी तोटा नव्हता. गोठ्यात दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालून उरेल ते घरात. डेअरीत दूध तपासून फॅट चांगली लागली की आमचे हे, गोमटेश, घरी येऊन अशी छाती काढून सांगतात, जणू दूध यांनीच दिलंय. म्हशीची फॅट वाढली की घरात आनंद. माझी वाढली तेव्हा मात्र कुणी पेढे वाटले नाहीत.

गुडघे बोलायला लागले होते. जिन्यावरून उतरताना भिंतीला हात लावल्याशिवाय पाऊल पडेना. रक्तातली साखरही काठावर आली होती. आमची श्रद्धा बेंगळूरला नोकरी करते, तिनं फोनवर निकाल दिला, "मम्मी, डेअरी बंद कर. टोटल."

"अगं, डेअरी बंद केली तर तुझा बाप दूध घालणार कुठं?"

"तसं नाही गं! दूध, दही, तूप, पनीर, सगळं खायचं बंद. बघ कसं वजन उतरतंय."

मग तिनं मला एकापाठोपाठ एक व्हिडिओ पाठवले. त्यातल्या बायका दूध सोडून इतक्या बारीक झाल्या होत्या की मला त्यांचीच काळजी वाटली. पण मी ठरवलं. म्हशींच्या घरात राहून दूध सोडलं. भावानं बेळगावहून खव्याचा गोड कुंदा आणला, त्यालाही हात लावला नाही. आता कुंदा न खाणारी बाई आमच्या भागात एक तर आजारी असते, नाहीतर रुसलेली. भाऊ बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसला.

आत्तींनी कुंद्याचा डबा उचलून ठेवला. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. नाव ब्राह्मी. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं स्वतःबद्दल बोलताना त्या 'जातो', 'बसतो' असंच म्हणतात. गेल्या वर्षी न्हाणीघरासमोर पाय घसरून त्या पडल्या आणि मनगट मोडलं. बेळगावात अनगोळच्या डॉक्टरबाईंनी फोटो काढून दाखवलं, हाडं आतून चाळणीसारखी झाली होती. गोळ्या दिल्या आणि बजावलं, रोज दूध-दही पोटात गेलं पाहिजे, वजन घटता कामा नये. पुन्हा पडलात आणि खुबा मोडला तर अंथरूण सुटायचं नाही. परत येताना गाडीत आत्ती माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "राजश्री, मला अंथरुणावर नको ठेवू गं. माझं मला उठून बस्तीत जाता आलं पाहिजे, बस." बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. घरापासून ते हाकेच्या अंतरावर, पण पायऱ्या उंच.

मी हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय लागतं!

मी दूध सोडल्यावर काही दिवसांनी चिकोडीला पुतण्याचं लग्न झालं. पंगत बसली. माझ्या एका बाजूला आत्ती आणि समोर श्रीखंडाची बादली घेऊन राजमती आक्का. ही आमच्या ह्यांची चुलत वहिनी, आमच्याच गावातली. मनानं चांगली, पण तोंडाला झाकण नाही. मी पानावर हात आडवा धरला.

"काय गं, नको?"

"नको आक्का. बंद केलंय."

"बंद? कशापायी? बारीक व्हायला?" तिनं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "अगं, एवढ्या मोठ्या गोदामात एक डाव श्रीखंड कुठं पडलं ते कळणारबी न्हाय!"

आख्खी पंगत हसली. वाढपी हसले. पलीकडच्या रांगेतली एक बाई, जिनं काही ऐकलंच नव्हतं, तीसुद्धा हसली. मीही हसले. जाड बाईला हसावंच लागतं, नाहीतर लोक म्हणतात हिला गंमत कळत नाही. डोळ्यात पाणी आलं ते मी लोणच्यावर ढकललं.

तेवढ्यात शेजारून आत्तींचा आवाज आला. मोठा नव्हता, पण पंगतभर गेला. "तिला आग्रह करू नको राजमती. तिनं दूध-दही-तूप सोडलंय. नियम हाय तिचा."

डाव बादलीत परत गेला. आमच्यात हे फार आहे. कुणी देवासमोर नियम घेऊन एखादा रस सोडला, दूध म्हणा, तेल म्हणा, मीठ म्हणा, तर त्याला आग्रह करत नाहीत. आग्रह करणाऱ्याला पाप लागतं. राजमती आक्कानं बादली खाली ठेवून मला चक्क हात जोडले. ज्या बायका आत्ता हसल्या होत्या त्याच जेवण झाल्यावर येऊन विचारायला लागल्या, "किती दिवसाचा गं? कसं जमतंय? पुण्यवान बाई." जो मान पोरीच्या व्हिडिओंनी मिळाला नव्हता तो आत्तींच्या एका वाक्यानं मिळाला.

घरी जाताना मी गाडीत पोट धरून हसत होते. "काय ठोकून दिलं आत्ती तुम्ही! नियम म्हणे!" आत्ती खिडकीबाहेर उसाकडं बघत होत्या. त्या हसल्या नाहीत. दमल्या असतील म्हणून मी सोडून दिलं.

पुढं लग्न असो, बारसं असो, मला कुणी काही वाढेना. आणि तरी वजन हलेना. दूध नाही म्हणून चहा कोरा. कोरा चहा कडू, म्हणून साखर दुप्पट. दही नाही म्हणून शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार. चार वाजता भूक लागली की चिरमुरे-फरसाण, त्यात कुठं दूध असतंय? मी नियमानं वागत होते. काटा आपल्या जागी होता.

मात्र आत्तींच्या कपातला चहाही काळा दिसायला लागला. विचारलं तर म्हणाल्या, "दुधानं पित्त व्हायलंय." एखाद्या दिवशी त्यांच्या वाटीतलं दही तसंच राहिलेलं दिसे. त्या दिवस मावळायच्या आत जेवून घेतात, तेव्हा मी म्हशींकडं असते, म्हणून काय खाल्लं, काय ठेवलं ते रोज माझ्या नजरेला पडत नव्हतं. वय झालं, भूक मंदावली, असं मी मनाशी म्हणत राहिले. मग एका सकाळी बस्तीच्या पायऱ्यांवर त्यांना घेरी आली. पडल्या नाहीत, कठड्याला धरून खाली बसल्या. पण मला गाढ झोपेतून कुणीतरी ओढून उठवावं तसं झालं. त्याच दुपारी आम्ही त्यांना घेऊन अनगोळला गेलो.

डॉक्टरबाईंनी आधी त्यांना काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या. आमच्या घरात वजन उतरलं होतं तर! पण चुकीच्या बाईचं.

"खाता काय तुम्ही आज्जी?"

"खातो की सगळं."

"दूध? दही?"

आत्तींनी पदर सारखा केला. डॉक्टरबाईंना वाटलं, कानडीत विचारलं तर सांगतील. त्या कानडीत विचारू लागल्या, "हालु बिट्टीरेन्री? दूध सोडलंत काय?"

"नियम हाय माझा," आत्ती म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठलेच. "कसला नियम? कधी घेतला?"

"बस गं तू."

डॉक्टरबाई आमच्यासारख्यांना रोज बघणाऱ्या. त्या चिडल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "नियमाशी मी भांडत नाही आज्जी. पण नियमाला मुदत असते न्हवं? कधीपर्यंत आहे?"

आत्तींनी माझ्याकडं बोट केलं. "ही आपल्या मनानं दूध घेईल तोवर."

मग आत्ती माझ्याकडं न बघताच बोलायला लागल्या. "पंगतीत बसून मी खोटं बोललो. पानावर बसून नियमाचं नाव घेतलं, आणि नियम तर न्हाय. तू सोडलं व्हतंस ते वजनापायी. ते काय नियमात धरत न्हाईत. मग तो कुणीतरी पाळाय पाहिजे का नको? दुसऱ्या दिवशी बस्तीत गेलो आणि घेतला."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू लगेच दूध प्याली असतीस. माझ्यापायी. भिंत धरून जिना उतरतीस तू, मी बघतो न्हवं रोज? म्हटलं, उतरू दे हिचं वजन. म्हातारीचं काय."

माझ्या जन्मदात्या आईनं माझ्यासाठी पुष्कळ केलं, पण माझी अब्रू झाकायला कुणी स्वतःच्या हाडातलं काढून देईल असं मला कधी वाटलं नव्हतं. गोमटेश खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टर म्हशीला इंजेक्शन देतात तेव्हाही हे असंच तोंड फिरवतात.

शेवटी मीच डॉक्टरबाईंना विचारलं, "मॅडम, खरं सांगा. दुधानं वजन वाढतंय काय?"

"नुसत्या दुधानं वाढत नाही, आणि नुसतं दूध सोडून उतरत नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभरात सगळं मिळून किती जातंय ते बघायचं. साधं ताक, साधं दही, बेतानं दूध, याला कुणी अडवलंय? काहींना दूध पचत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. श्रीखंड, बासुंदी, कुंदा हे दूध म्हणून खाऊ नका, गोड म्हणून धरा. तुमच्यात अंडं नाही, मटण नाही, त्यात दूधही सोडलं तर ताकद आणणार कुठून? डाळी तरी वाढवल्या काय?"

"चिरमुरे वाढवले," मी म्हटलं.

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. ह्या वेळी मला हसणं बोचलं नाही.

बाहेर आल्या आल्या मी समोरच्या टपरीवर दुधाचा चहा सांगायला निघाले. आत्तींनी माझा पदर ओढला. "रस्त्यावर उभं राहून नियम सोडतात व्हय? उद्या बस्तीत जाऊया, मग घरात." वर म्हणाल्या, "आणि माझ्यापायी घेणार असशील तर घेऊच नको. आपल्या मनानं घ्यायचं ठरलंय."

"आत्ती, चहा कोरा पिऊन पिऊन माझी जीभ मेली. दह्याची आठवण येऊन रडू येतंय. आणखी किती मन पाहिजे तुम्हाला?"

"खरं?"

"देवाशपथ."

"शपथ घेऊ नको. तेवढ्यापायीच हे सगळं झालंय."

सकाळी बस्तीत नेहमीच्या बायका होत्या, त्यात माहेरपणाला आलेल्या मुलीबरोबर राजमती आक्काही. आत्तींनी दर्शन घेतलं आणि सगळ्यांसमोर उभ्या राहून सांगून टाकलं, "ऐका गं. चिकोडीच्या लग्नात मी म्हटलं हिचा नियम हाय. खोटं व्हतं ते. ही बारीक व्हायला बघत हुती. नियम मागनं मी घेतला. आज सोडणार."

मला वाटलं, आता पुन्हा गोदाम निघणार. कुणी हसलं नाही. राजमती आक्का पुढं आली आणि आत्तींच्या पाया पडली. "आत्ती, माझ्या तोंडामुळं तुमाला खोटं बोलाय लागलं. नियम तर मी घ्यायचा हुता."

"कसला?"

"गप बसायचा."

"तो तुला झेपायचा न्हाय," आत्ती म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र बस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. राजमती आक्का सगळ्यात जास्त. हसता हसता तिनं माझा दंड धरून ठेवला होता, आणि मला कळत होतं की ती माफी मागतीय. मी तिच्या हातावर हात ठेवला.

आमच्याकडं नियमाचं पारणं दुसऱ्याच्या हातून करतात. पहिला घोट आपला आपण घ्यायचा नसतो. घरी येऊन मी सकाळचंच दूध तापवलं, दोन पेले भरले. राजमती आक्का उंबऱ्यात बसली होती. गोमटेश गोठ्यातून मुद्दाम हात धुऊन आले होते. आधी मी घ्यायचं, कारण आत्तींचा नियम माझ्यात अडकलेला. त्यांनी पेला माझ्या ओठाला लावला. मोडून जुळलेल्या त्या हाताला अजून थोडा कंप आहे, दूध हनुवटीवर सांडलं. कोमट, बिनसाखरेचं, वर सायीचा पातळ थर. मी डोळे मिटून प्याले. बाईमाणसाला आयुष्यात असं कुणी पाजतं ते लहानपणी, आणि त्याची आठवण राहत नाही. मला मात्र आता राहणार होती.

मग मी त्यांचा पेला उचलला. त्या हात जोडून, डोळे मिटून बसल्या होत्या. पहिला घोट घेतला, गिळला, आणि एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं.

"साखर घातली न्हाईस?"

"डॉक्टर म्हणाल्या, साधं घ्या."

"ते तुला म्हणाल्या. मला वजन वाढवाय सांगितलंय. घाल चमचाभर, आणि ती साय तुझ्या पेल्यातली हिकडं दे."

मी साय काढून त्यांच्या पेल्यात घातली.